सात नळांच्या घरातला ठोका

तेलंगणातल्या बोथला, मंडल ऑफिसच्या मागच्या कॉलनीत, मोतीराम गुरुजींचं घर आहे. खोल्या चार आणि नळ सात. चार खोल्यांना सात नळ कशाला, असं तुम्ही विचाराल. घर बांधताना मिस्त्रीनंही विचारलं होतं. गुरुजी त्याला म्हणाले, तू भिंती उभ्या कर बाप्पा, पाण्याचं मी पाहतो. स्वयंपाकघरात एक, न्हाणीत एक, मागच्या अंगणात एक, इथवर ठीक. पण व्हरांड्यात एक, फाटकाजवळ एक, झोपायच्या खोलीच्या खिडकीखाली एक, आणि कहर म्हणजे बैठकीत, जिथं पाहुणे बसतात तिथं, चकचकीत पितळी तोटीचा एक. लोक हसले. गुरुजींनी हसू दिलं. ज्या पोरानं मुधोळकडच्या खेड्यात विहिरीपासून वीस पावलांवर मडकं घेऊन उभं राहावं, आणि कुणीतरी येऊन आपल्या मडक्यात दोन बादल्या ओतील म्हणून दुपार काढावी, त्याच्या म्हाताऱ्या घराला सात नळ जास्त नाहीत. मला विचाराल तर कमीच.

पाइपही त्यांनी स्वतःच आखले. टाकीत साठवलेलं पाणी त्यांना नको होतं, सडकेवरून थेट वाहत आलेलं हवं होतं. म्हणून सडकेच्या लाइनीवरून लोखंडी पाइप घेतला, मागच्या अंगणातल्या हौदापर्यंत नेला, आणि वाटेत माळ ओवावी तसा सगळ्या घरातून फिरवला. शाळेत भूमिती शिकवणारा माणूस, पण या कामात त्यांनी भूमिती पाहिली नाही, हौस पाहिली. आणि घराला एक नियम घालून दिला. दारात जो येईल त्याला आधी पाणी, मग काय ते काम. टपालवाला असो, मोहाची फुलं विकणाऱ्या बाया असोत, मतं मागणारे असोत. तहानलेल्याला उभं ठेवायचं नाही. बायको गेली, नोकरी संपली, पण हा नियम तीस वर्षांत एकदाही मोडला नाही.

दोन वर्षांपासून पाइप वाजू लागले. बोथला पाणी सुटतं दुपारी तीनच्या सुमारास. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी 'नीळ्ळु वच्चिनय' म्हणून हाळी देतं, म्हणजे पाणी आलं, आणि सगळी गल्ली झोपेतून उठून घागरी धुंडाळते. गुरुजींच्या घराला हाळीच्या आधी कळायचं. आधी भिंतीच्या आतून वारा यायचा, एक लांब, गार सुस्कारा. मग गुणगुण सुरू व्हायची, कुणी बाई जात्यावर बसून शब्द विसरलेली ओवी घोळवते आहे अशी. पाच-सात मिनिटं ती गुणगुण या खोलीतून त्या खोलीत फिरायची. आणि मग पुढच्या दारावर ठक. थोडं थांबून, ठक ठक. अगदी माणसानं बोटांच्या पेरांनी दार वाजवावं तसं.

दीक्षा, गुरुजींची थोरली लेक, चाळिशी उलटलेली, गावातल्या सरकारी मराठी शाळेत शिकवते. मार्च अर्धा सरला की इकडच्या शाळा अर्ध्या दिवसाच्या होतात, ओंटीपूट बडी म्हणतात तिला. मग ती एक वाजता घरी येऊन, भाकर खाऊन, बैठकीच्या गार फरशीवर आडवी व्हायची. बाहेर पळस पेटलेला, सागाची वाळकी पानं अंगणात खरडत फिरणारी, आणि आत हे घर गुणगुणतंय. झोप आणि जाग यांच्या मधल्या उंबऱ्यावर ती पडून राहायची. तिला वाटायचं, आपण पाण्याखाली आहोत आणि वर कुणीतरी चालतंय. खोटं कशाला सांगू, ती गुणगुण तिला आवडायची. ठोका नाही आवडायचा.

कारण ठोका पडला की बाबा उठायचे.

गुरुजींना आता ऐंशी चाललं होतं आणि मागच्या तीन वर्षांत डोक्यातली एकेक खोली बंद होत गेली होती. बायको गेलेली विसरले, शाळेचं नाव विसरले, दीक्षा कधी दीक्षा असायची, कधी शेजारची कुणी पोर. पण दारावर ठक झालं की ते खुर्चीतून असे उठायचे की जणू पंचविशीचे. पितळी गडू घ्यायचे, बैठकीतल्या नळावर भरायचे, दार उघडायचे. दारात कुणी नाही. आता तुम्ही-आम्ही असतो तर दार लावून घेतलं असतं. गुरुजींना वाटायचं, आपल्याला उशीर झाला, आलेला माणूस तहानलेलाच परत गेला. म्हणून ते भरला गडू घेऊन त्याच्यामागं निघायचे.

पहिल्यांदा ते गल्लीच्या टोकाला सापडले, दुसऱ्यांदा बसस्टँडवर. तिसऱ्यांदा, मार्चच्या शेवटी, दीक्षाला डुलकी लागली आणि बाबा हायवेच्या फाट्याकडं जाणाऱ्या सडकेवर तीन किलोमीटर पुढं गेले. एका ऑटोवाल्यानं आणून सोडलं. पाय अनवाणी, तळव्यांना फोड, आणि गडूतलं पाणी जवळजवळ तसंच. एवढ्या उन्हात स्वतः घोटभर प्यायले नव्हते. ते पाणी दुसऱ्याचं होतं ना.

दाराला कुलूप लावून पाहिलं नव्हतं असं नाही. लावलं एक दिवस. बाबा आतून दोन्ही हातांनी दार बडवत रडले, तो माणूस तिकडं मरेल म्हणाले. दीक्षानं कुलूप काढलं आणि पुन्हा लावलं नाही. तेवढं काळीज तिच्याजवळ नव्हतं.

हर्षदीप, तिचा धाकटा भाऊ, हैदराबादेत कंपनीत आहे. त्याला फोडांचा फोटो गेला तसा शनिवारी त्याचा फोन आला. वाईट माणूस नाही तो, पण घाबरलेला होता. आपला फ्लॅट चौदाव्या मजल्यावर आहे, खाली वॉचमन आहे, लिफ्टला कार्ड लागतं, बाबा कुठंच जाऊ शकणार नाहीत, असं त्यानं सांगितलं. पुढच्या रविवारी येतो आणि घेऊन जातो. दीक्षा म्हणाली, पाइप दुरुस्त करते, ठोका थांबला की बाबा थांबतील. तो म्हणाला, ताई, रविवारपर्यंत कर काय करायचं ते, पण ते तेव्हाही बाहेर जात असले तर मी ऐकणार नाही. बाबांना या घरातून काढलं तर दोन महिन्यांत ते सगळं विसरतील, आणि सगळ्यात आधी तिला विसरतील, हे तिला चांगलं कळत होतं. आणि या गुणगुणत्या घरात ती एकटी उरेल, हेही.

आधी एका पोरसवदा प्लंबरला बोलावून झालं होतं. त्यानं ठोका पुढच्या दाराशी ऐकला म्हणून पुढच्या दोन तोट्या बदलल्या आणि गेला. ठोका तसाच. तेव्हा शेजारच्या बयनाबाईनं नागेशचं नाव सांगितलं.

नागेश साठीला टेकलेला, वाळक्या अंगाचा माणूस. वीस वर्षं बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीत पंपावर होता. जमिनीखाली दिवा विझला तर चालते, पाइपाचा आवाज विझला की पळायचं, असं तो सांगायचा. सोमवारी दुपारी तो रिकाम्या हातानं आला. गुरुजींनी आल्या आल्या त्याच्या हातात गडू दिला, तो प्यायला, आणि तोंड पुसून त्यानं दीक्षाला लाटणं मागितलं. दीक्षाला वाटलं, झालं, हाही गेलेला दिसतो. पण त्यानं लाटण्याचं एक टोक भिंतीतून डोकावणाऱ्या पाइपावर टेकवलं, दुसरं कानामागच्या हाडाला लावलं, आणि डोळे मिटून बसला. पाणी यायला अर्धा तास होता. तो अर्धा तास तसाच बसून राहिला. बयनाबाई येऊन पाहून गेली आणि जाताना डोक्याजवळ बोट फिरवून गेली.

मग सुस्कारा आला. नागेश पाइपाबरोबर सरकत चालला, बैठकीतून खोलीत, खोलीतून न्हाणीत, पुन्हा बाहेर. मध्येच त्यानं लाटणं दीक्षाला दिलं. तिनं कानाला लावलं आणि तिला घर दिसेनासं झालं. आत केवढं मोठं पाणी होतं. लांबून येणारं, वळणावर रेटा देणारं, कुठं थांबून श्वास घेणारं. एका ठिकाणी खडेच खडे, एका ठिकाणी बायका बोलत बसल्यासारख्या. तिनं तेवीस वर्षं या भिंतींना खडूचे हात लावले, पण त्यांच्यात एवढं काही चाललंय हे तिला माहीत नव्हतं. बाबा खुर्चीतून तिच्याकडं पाहून हसत होते, आपल्या पोरीला पहिल्यांदा शाळेत बसवलेल्या बापासारखे. नागेशनं खांद्याला हात लावला तेव्हा तिला कळलं की आपण रडतोय.

ठोका सुरू झाला तेव्हा नागेश पुढच्या दाराशी नव्हताच. तो मागच्या अंगणात हौदाचं झाकण उघडून आत पाहत होता. त्यानं तिला बोलावून दाखवलं. हौद भरत आला की त्यातला फुगा वर येतो आणि पाइपाचं तोंड बंद करतो, एवढं त्याचं काम. पण सडकेवरचा दाब वाढल्यापासून पाणी वरून धबाधबा पडून लाटा उठत होत्या, त्या लाटांवर फुगा नाचत होता, आणि दर नाचाला तोंड बंद, उघडं, बंद. धावतं पाणी अचानक अडलं की पाइपाला धक्का देतं. गुरुजींनी घरभर फिरवलेला पाइप कुठं एका ठिकाणीही नीट बांधलेला नव्हता, म्हणून धक्का माळेभर धावत थेट पुढं जायचा, आणि तिथं पाइप दाराच्या लोखंडी चौकटीला टेकला होता. जन्म मागं, बोंब पुढं.

"रोग हल्याले अन् इंजेक्शन पखालीले दिलं त्या पोट्ट्यानं," नागेश म्हणाला. दुखणं रेड्याला आणि सुई त्याच्या पाठीवरच्या पखालीला, तशी गत.

मंगळवारी तो सामान घेऊन आला. हौदात पडणारं पाइपाचं तोंड लांबवून पाण्याखाली नेलं, म्हणजे धबधबा नको. रंगाच्या रिकाम्या डब्याला भोकं पाडून तो फुग्याभोवती बसवला, म्हणजे लाटा बाहेर आणि फुगा आत शांत. मग जिथं जिथं पाइप हलत होता तिथं पट्टी ठोकली, आणि चौकटीपाशी भिंत कोरून सायकलच्या जुन्या ट्यूबचं रबर कोंबलं. बुधवारी तीन वाजता गल्लीत हाळी ऐकू आली तेव्हा दीक्षा दाराला पाठ लावून बसली होती. सुस्कारा नाही. गुणगुण नाही. हौद भरला, आणि ठोका पडला नाही. गुरुजी खुर्चीतून हलले नाहीत. दीक्षाचा जीव भांड्यात पडला. तिनं लगेच हर्षदीपला कळवलं, आणि त्या दुपारी खूप दिवसांनी गाढ झोपली.

पण नुसता आवाज गेला असता तर गोष्ट इथंच संपली असती.

गुरुवारी गुरुजी अडीचपासूनच दाराकडं तोंड करून बसले. मांडीवर गडू. तीन वाजले, चार वाजले. बयनाबाईची कोंबडी दारातून आत आली आणि परत गेली. दीक्षानं चहा केला, तो गार झाला. सहा वाजले तेव्हा बाबांनी गडूतलं पाणी तुळशीत नाही ओतलं, तोंडातही नाही घेतलं. बैठकीतल्या नळाखाली हळूच सांडून दिलं, आणि तिच्याकडं वळले. त्या वेळी ते तिला ओळखत होते.

"कोनी येऊन नाई राह्यलं, दीक्षा," ते म्हणाले. "आपल्या घरचं पानी लोकं घेत नाई आता. कोनीतरी सांगतलं असन त्याइले, हे घर कोनाचं हाय ते."

दीक्षा जागच्या जागी उभी राहिली. दोन वर्षं ती समजत होती की बाबांना भास होतो आणि त्या भासानं ते वणवणतात. त्या ठोक्यानं त्यांना काय दिलं होतं, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. रोज दुपारी तीन वाजता कुणीतरी त्यांच्या दारात पाणी मागायला येत होतं. ऐंशी वर्षांच्या आयुष्यातलं ते एकच ऐश्वर्य, आणि तिनं ते पट्ट्या ठोकून बंद केलं होतं. असली चूक दुसऱ्या कुणाच्या लेकीनं केली असती तर समजण्यासारखं होतं. ती तर या घरातली होती.

शुक्रवारी गुरुजींनी पाणी पिणं सोडलं. जे पाणी लोक पीत नाहीत ते आपण का प्यावं, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि ते त्यांनी अगदी शांतपणे सांगितलं. एप्रिलचं ऊन, बोथला बेचाळीस. दीक्षानं विनवलं, रागावली, चमच्यानं पाजायला गेली तर त्यांनी ओठ मिटून घेतले. ताक घेतलं, कारण ताक म्हणजे त्यांच्या लेखी पाणी नव्हतं. टरबुजाच्या दोन फोडी घेतल्या. पण तेवढ्यानं काय होतं. शनिवारी सकाळी तिनं बयनाबाईला गळ घातली. ती बिचारी डोक्यावर पदर घेऊन पुढच्या दारानं आली, कडी वाजवली, तहान लागली गुरुजी म्हणाली, आणि गडूभर पाणी गटागटा प्यायली. गुरुजी तिच्याकडं मायेनं पाहत म्हणाले, तू त घरचीच हायस बयना, तुझं काय. आणि परत दाराकडं तोंड करून बसले.

बाबांना बयनाबाईच्या हवाली करून दीक्षा तशीच निघाली आणि नागेशच्या घरी गेली. तो कुठं कामावर होता, संध्याकाळी आला. तिनं त्याला सगळं सांगितलं, विहिरीचं, मडक्याचं, गडूचं, बाबांनी गुरुवारी काय म्हटलं त्याचंही. नागेशचं स्वतःचं गाव मुधोळच्या अलीकडंच होतं, जमीनवाल्यांचं घर. तो आपल्या हातांकडं पाहू लागला. विहिरीवर कोण उभं असायचं आणि बादली कुणाच्या हातात असायची, हे त्यानं आज्याकडून ऐकलं असेलच.

"आवाज मारता येते, बाई," तो शेवटी म्हणाला, "तसा हलवताबी येते."

त्यानं अंधार पडायच्या आत काम उरकलं. पुढच्या पट्ट्या आणि रबर तसंच राहू दिलं. हौदातला रंगाचा डबा मात्र काढून टाकला, पाइपाचं तोंडही पुन्हा आखूड केलं, म्हणजे कोंडलेला वारा पुन्हा सुटेल आणि घर गुणगुणेल. मागच्या अंगणातल्या नळाच्या पाइपाची एकच पट्टी सैल केली, आणि तो पाइप मागच्या दाराच्या सागवानी चौकटीला हलकासा टेकवून ठेवला. म्हणजे ठोका आता मागं पडणार होता, कुंपणाच्या आत. मागच्या अंगणाला गल्लीत उघडणारं एक छोटं दार होतं, त्याला दीक्षा आतून कडी लावणार होती आणि पाणी यायच्या वेळी डोक्यावर ओढणी घेऊन स्वतःच तिथं उभी राहणार होती. बाबांनी ओळखलं नाही तर बरं, ओळखलं तर आपलं नशीब. शनिवारचं पाणी येऊन गेलं होतं, त्यामुळं पाहायला सवड नव्हती. काय व्हायचं ते रविवारीच होणार होतं.

हर्षदीप रविवारी अकराला गाडी घेऊन आला. बाबांसाठी मऊ चपला आणल्या होत्या, फोडांना लागू नयेत म्हणून. बाबांनी त्याला या, बसा म्हटलं, पण गडू पुढं केला नाही. पाणी घेता का असं विचारायचीही त्यांना लाज वाटत होती. त्यांचे सुकलेले ओठ पाहून हर्षदीप बहिणीला स्वयंपाकघरात घेऊन गेला आणि आवाज न चढवता जे बोलला ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. ठोका थांबला म्हणालीस, ताई, आणि ते आता पाणीच पीत नाहीत. बाबांना इथं असंच सुकून मरू द्यायचं का? पट्टीचं, फुग्याचं, चौकटीचं सांगायला गेली असती तर त्यानं तिलाच डॉक्टरकडं नेलं असतं. ऊन उतरलं की चारला निघायचं ठरलं. ती बाबांची बॅग भरायला बसली.

बंड्या, धोतर, गोळ्या, मफलर. कपाटातून कपडे निघतच होते आणि तिचे डोळे वाहत होते, म्हणून तीन कधी वाजत आले हे तिला कळलंच नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडं नजर गेली तेव्हा ती उठून मागं धावली, आणि स्वयंपाकघराच्या दारातच थबकली. अंगणात हर्षदीप उभा होता. उकाड्यानं हैराण होऊन तोंडावर पाणी मारायला आला असेल, मग फोन आला असेल. नळाशेजारी पाठमोरा, फोनवर कुणाला तरी इंग्रजीत समजावत होता.

भिंतीतून सुस्कारा आला. घर पुन्हा गुणगुणू लागलं, आधी अडखळत, मग सलग. दीक्षाला वाटलं, आत कुणीतरी आजारातून उठून बसलंय. ती तिथंच भिंतीला टेकली. हर्षदीपला हाक मारावी, की आत ओढावं, की काय, तिला सुचत नव्हतं. हौद भरत आला, आणि मागच्या चौकटीवर ठक झालं. थोडं थांबून, ठक ठक.

बैठकीत खुर्ची करकरली. नळ सुटल्याचा आवाज आला, गडू भरत आल्याचा आवाज आला. गुरुजी दोन्ही हातांत गडू धरून, एकेक पाऊल सांभाळत, स्वयंपाकघरातून तिच्या अंगावरून गेले. तिच्याकडं त्यांचं लक्षही नव्हतं.

हर्षदीपनं फोन खाली घेतला. बाबा, ऊन आहे, आत चला, असं काहीतरी तो म्हणणार होता.

"लय वेळ उभं ठेवलं तुमाले," गुरुजी म्हणाले. "मले आयकूच नाई आलं."

हर्षदीपचं तोंड आपलं नाव सांगायला उघडलं, आणि तसंच राहिलं. फोनच्या पडद्यावर गेली दोन वर्षं त्याला जो बाप दिसत होता तो हा नव्हता. हे डोळे पूर्ण जागे होते, शरमलेले, आर्जवी, आणि काठोकाठ आनंदानं भरलेले. त्यानं फोन खिशात घातला. काय करावं ते न कळून तो थोडा वाकला आणि त्यानं दोन्ही हातांची ओंजळ पुढं धरली.

गुरुजींनी गडू झटक्यानं मागं घेतला.

"हात नोका पसरू बाप्पा," ते म्हणाले. "इथं पसरा लागत नाई. गडू घ्या हातात. तोंड लावून प्या."

हर्षदीपनं गडू घेतला, तोंड लावलं आणि प्यायला. सगळा प्यायला. पाणी हनुवटीवरून शर्टात उतरलं तरी थांबला नाही. गुरुजी त्याच्या गळ्याकडं पाहत होते, प्रत्येक घोट मोजल्यासारखे. मग त्यांनी विचारलं, कोन गावचे? हैदराबादचा, हर्षदीप म्हणाला. लय दुरून आले, गुरुजी म्हणाले, आणि रिकामा गडू त्याच्या हातातून घेऊन अंगणातल्या नळाखाली धरला. दीक्षाला वाटलं, आता पुन्हा त्यालाच देतील. पण गुरुजींनी गडू वर उचलला आणि परक्या माणसानं जिथं तोंड लावलं होतं तिथंच तोंड लावून, दोन दिवसांची तहान लागलेला माणूस पितो तसे प्यायले. दम लागला तेव्हाच थांबले.

हर्षदीप कपडे धुवायच्या दगडावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. गुरुजी त्याच्या डोक्यावर हात ठेवून उभे होते. ऊन लागतं लांबच्या माणसाला, असं ते दीक्षाला म्हणाले, थोडं बसू दे.

चारला हर्षदीपनं भरलेली बॅग स्वतःच्या हातानं रिकामी केली, बंड्या कपाटात ठेवल्या, आणि एकटाच गेला. जाताना त्यानं बहिणीचं मनगट धरलं.

महिन्याभरानं, मे महिन्यातल्या एका रविवारी, दीक्षा मागच्या अंगणात वाळवण उचलायला गेली. गल्लीकडच्या छोट्या दाराची कडी कुणीतरी हळूच हलवली. तिनं काढली. हर्षदीप होता. गाडी कुठं लांब लावून चालत आला असावा, शर्ट घामानं ओला. तिनं त्याला आत चल म्हटलं, पुढून ये म्हटलं, पंख्याखाली बस म्हटलं. त्यानं मान हलवली आणि घड्याळात पाहिलं. पावणेतीन झाले होते. तोंड धुवायला म्हणून तिनं हौद दाखवला, तर त्यानं पाण्याला हातही लावला नाही. तो नळाशेजारी जाऊन उभा राहिला. पाणी यायला अजून वेळ होता.